बोटीने गेलेल्या डच घरांतली भाषा कुठे गेली? (आणि एका वाक्याचा अर्थ हवा आहे)

सुरसागरकाठ

नमस्कार मंडळी. मी बडोद्याची. दांडिया बाजारात लहानाची मोठी झाले, आता मांजलपूरला राहते. ३३ वर्षं शाळेत मराठी शिकवलं. गेल्या वर्षी लेकीच्या बाळंतपणासाठी कॅनडात सहा महिने होते, ओन्टारिओतल्या सेंट कॅथरिन्सला. तिथे ऐकलेली एक गोष्ट काही केल्या डोक्यातून जात नाही, म्हणून इथे विचारते. जरा लांबण लागेल.

लेकीचे घरमालक डच आहेत, ७७ वर्षांचे. त्यांची फुलांची ग्रीनहाउसं आता मुलगा बघतो. नातवंडं त्यांना 'पाके' म्हणतात, म्हणून आम्हीही पाकेच म्हणू लागलो. लाडाचं नाव असेल असं मला वाटलं.

त्यांच्या गॅरेजमध्ये एक लाकडी पेटारा आहे, माझ्या खांद्याला लागेल एवढा उंच. त्याला ते 'किस्ट' म्हणतात. वर फळी ठोकून त्याचं सुतारकामाचं टेबल केलंय, पण एका बाजूला काळ्या रंगातली अक्षरं अजून दिसतात. वर आडनाव, खाली रॉटरडॅम आणि हॅलिफॅक्स. १९५२ साली आईवडील आणि तीन भावंडं 'ग्रोटे बेअर' नावाच्या बोटीने आली. पाके थोरले, तेव्हा ४ वर्षांचे. अख्खं घर या पेटाऱ्यातून आलं: शिवणयंत्र, गाद्या, दोन सायकली, कपबशा गोधड्यांत गुंडाळून. मी आतल्या कडेवरून हात फिरवला तर एका खिळ्याला निळ्या लोकरीचा धागा अडकलेला होता. ७३ वर्षं तो तिथेच आहे.

वडील एका शेतकऱ्याकडे वर्षभराच्या कराराने राबले. राहायला मिळालं ते कोंबड्यांचं जुनं खुराडं, चुना मारून दिलेलं. पहिल्याच आठवड्यात वडिलांनी जेवताना सांगितलं, आजपासून मुलांशी इंग्रजीच. नवराबायको आपली भाषा बोलायचे ती रात्री, दिवा मालवल्यावर. पाके म्हणतात, लाकडी भिंतीपलीकडून ती ऐकत आम्ही झोपायचो, पण हळूहळू कळेनाशी झाली.

आई ९१ वर्षं जगली. शेवटचं दीड वर्ष वृद्धाश्रमात होती आणि तिथे तिची इंग्रजी गेली. आधी आकडे गेले, मग वस्तूंची नावं, मग सगळंच. पाके तेव्हा साठी ओलांडलेले. सीडी आणून चार महिने डच शिकले आणि आईशी बोलायला गेले. ती त्यांच्याकडे बघायची ते परक्या पाहुण्याकडे बघावं तसं. आश्रमाने एक डच बोलणाऱ्या बाई बोलावल्या. त्या म्हणाल्या, निम्मंच कळतंय, बाकी सगळं विस्कटलंय. कागदावरही तसंच लिहिलं गेलं की वाचा विस्कळीत झाली आहे.

रोज संध्याकाळी ती एकच वाक्य म्हणायची. पाकेंनी ते कानाला आलं तसं एका पाकिटाच्या पाठीवर उतरवून ठेवलंय. मी ते पाकीट हातात घेऊन पाहिलंय. आपल्या लिपीत साधारण असं:

बेन, कोम तूस, इत वुट च्युस्टर.

हा बेन कोण, हे घरात कुणालाच माहीत नाही. नात्यात कुणी बेन नाही. एखादा गेलेला भाऊ असेल, की लग्नाआधीचं कुणी, यावर तीन भावंडांनी फार विचार केला, आणि त्यातून थोडा कडवटपणाही आला. मला मात्र ऐकताक्षणी आपलं बडोद्याचं 'बेन' आठवलं. दारावर भाजीवाला आला की 'ए बेन' म्हणतो ते.

तर माझे प्रश्न. एक, दुसरं महायुद्ध संपून देश मोकळा झाल्यावर ही माणसं घरदार सोडून का निघाली? दोन, एका पिढीत भाषा कशी गेली? आपण बडोद्यात तीनशे वर्षं मराठी बोलतो आहोत. खिडकीला 'बारी' म्हणतो, पतंग 'चगवतो', पण बोलतो मराठीच. तीन, डच येणारं कुणी या वाक्याचा अर्थ लावून देईल का? आणि मनातलं सांगायचं तर चौथंही आहे. माझी नात आता १४ महिन्यांची झाली. तिच्याशी मी रोज फोनवर बोलते.

रावपुऱ्याचे मास्तर

ताई, पहिल्या दोन प्रश्नांना मला जमेल तसं उत्तर देतो. तिसरं माझ्या आवाक्यातलं नाही.

देश मोकळा झाला हे खरं, पण कसा झाला ते बघा. १९४४-४५ च्या हिवाळ्यात पश्चिम हॉलंडमध्ये उपासमारीने २० हजारांच्या आसपास माणसं दगावली. लोकांनी ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले. शेतजमिनीचं तर विचारूच नका. वाल्खरेन बेटाचे बांध १९४४ मध्ये दोस्त राष्ट्रांनी बॉम्ब टाकून फोडले, जर्मनांना हुसकायला. विरिंगरमीरची जमीन १९३० साली समुद्र हटवून काढलेली, ती जर्मनांनी १९४५ च्या एप्रिलमध्ये, युद्ध संपायला तीन आठवडे राहिले असताना, पुन्हा पाण्यात घातली. ज्या लोकांनी एकेक बिघा समुद्राकडून मागून घेतला, त्यांच्या डोळ्यांदेखत तो परत गेला. हे वाचताना मला फार लागतं.

एवढ्याशा देशात एक कोटी लोक. घरं नाहीत, लग्न झालेली जोडपी वर्षानुवर्षं सासरच्या एका खोलीत. शेतकऱ्याला आठ-दहा मुलं आणि जमीन एकाला पुरेल इतकीच. १९४८ मध्ये लोकमत घेतलं तेव्हा जवळजवळ एक तृतीयांश लोक म्हणाले की आम्हाला देश सोडायला आवडेल. १९५० च्या नववर्षाच्या भाषणात पंतप्रधान विलेम ड्रेस यांनी रेडिओवरून उघड सांगितलं की काही लोकांनी मोठ्या देशांत नशीब काढायचं धाडस करावं. सरकारच तिकिटाला पैसे देत होतं. मात्र रोकड बाहेर न्यायला बंधन. म्हणून लोक जवळच्या पैशांच्या वस्तू घेत आणि पेटारे भरत. तुम्ही पाहिलेला किस्ट त्यातलाच. १९५२ हे सगळ्यात मोठं वर्ष, त्या एका वर्षात ५० हजारांच्या घरात माणसं गेली. कॅनडाला शेतकरीच हवे होते, आणि कॅनडाच्याच फौजांनी हॉलंडचा मोठा भाग सोडवलेला, त्यामुळे त्या देशाबद्दल माया होती.

'ग्रोटे बेअर' म्हणजे आपले सप्तर्षी. तिच्या बरोबरीच्या दोन बोटी 'झौडरक्रौस' आणि 'वॉटरमन', म्हणजे त्रिशंकू आणि कुंभ. तिन्ही अमेरिकेने युद्धात बांधलेल्या मालवाहू बोटी, डच सरकारने १९४७ मध्ये घेतल्या. आधी त्यांतून इंडोनेशियाला सैनिक गेले, मग कुटुंबं. सुरुवातीला बायका एका दालनात आणि पुरुष दुसऱ्या, एकावर एक फळ्यांवर झोपायचे.

आता भाषा. इथे मी जरा स्पष्ट बोलतो. आपण बडोद्यात मराठी टिकवली असं म्हणतो, पण पिलाजीराव गायकवाडांबरोबर आलेले आपले लोक सत्ता घेऊन आले होते. दरबार आपला, पागा आपली, पुढे शाळा आपल्या. सयाजीरावांनी १९१० मध्ये मध्यवर्ती ग्रंथालय उभारलं, १९३१ मध्ये कारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' काढला. ज्या भाषेमागे राजा उभा आहे ती बोलायला काय लागतं? डचांचंच दुसरं उदाहरण घ्या. १६५२ मध्ये यान फान रीबेक केपला उतरला. तिथे डच मालक म्हणून राहिले. त्यांच्या भाषेची पुढे आफ्रिकान्स झाली आणि १९२५ मध्ये तिला सरकारी मान्यताही मिळाली. तेच डच कॅनडात दुसऱ्याच्या शेतात गडी म्हणून गेले आणि वीस वर्षांत गप्प झाले. लोक तेच, भाषा तीच.

आपली खरी परीक्षा १ मे १९४९ ला संस्थान विलीन झाल्यावर सुरू झाली, आणि १ मे १९६० ला गुजरात झाल्यावर आणखी कडक झाली. २०१८ मध्ये ९१ वं साहित्य संमेलन आपल्याकडे भरलं तेव्हा मी तिन्ही दिवस मांडवात होतो. पुढच्या रांगा माझ्या वयाच्या माणसांनी भरलेल्या होत्या. तुमच्यासारखी मीही शाळेत मराठी शिकवली. वर्गात शेवटी ११ मुलं उरली होती.

लष्करवाली, ग्वाल्हेर

मास्तरांचं पटलं. पण ताई, त्या वडिलांवर रागावू नका. आमच्या ग्वाल्हेरला शिंदेशाही होती, जनकगंजात घराघरांतून मराठी ऐकू यायची, आणि तरी माझा मुलगा माझ्याशी हिंदीत बोलतो. मीच बोलू दिलं. शाळेतून रडत आला होता, मुलं त्याच्या 'ळ'वर हसायची. त्या दिवशी मला 'ळ'पेक्षा त्याचं रडणं मोठं वाटलं. कोंबड्यांच्या खुराड्यात तीन लेकरं घेऊन राहणाऱ्या बापाला काय वाटलं असेल, ते मी समजू शकते.

इंदूरचा, सध्या हॅमिल्टन

मी मूळचा इंदूरचा, रामबागेतला. इथे वृद्धाश्रमात आठ वर्षं काम करतोय, म्हणून लिहितो.

म्हातारपणी विसर पडू लागला की पुष्कळदा आधी नंतर शिकलेली भाषा जाते आणि पहिली उरते. माझ्या मजल्यावर एक पोर्तुगीज आजी आहेत आणि दोन डच आजोबा. सत्तर वर्षं इंग्रजीत संसार, धंदा केलेली माणसं, आता पाणी मागतात ते लहानपणीच्या शब्दात. तो एक शब्द आम्हाला माहीत असला तर ती शांत होतात. नसला तर चिडतात, आणि लोकांना वाटतं आजार वाढला. मी प्रत्येकाच्या पलंगाशी एक कार्ड लावून घेतलंय, पाणी, दुखतंय, थंडी, संडास, आई, एवढे पाच शब्द त्यांच्या भाषेत. तुमच्या पाकेंच्या आईला असं कार्ड मिळायला हवं होतं.

चार वर्षांच्या मुलाची भाषा पूर्ण पुसली जाते का? बोलायचं बंद झालं तर जवळजवळ हो, आणि फार लवकर.

आणखी एक पाहिलंय. हॅमिल्टनच्या आजूबाजूला डचांची चर्च पुष्कळ, स्वतःच्या शाळासुद्धा. युद्धानंतर दीड लाखाहून जास्त डच कॅनडात आले, त्यांतले प्रोटेस्टंट मोठ्या संख्येने एकत्र राहिले. पण चर्चमधली प्रवचनं बघता बघता इंग्रजीत गेली. त्यांना जपायचा होता तो धर्म, तो त्यांनी जपला. भाषा हे भांडं होतं त्यांच्या लेखी. माझ्या आईला हे सांगितलं तर तिला कळणारच नाही, कारण तिच्यासाठी गणपतीची आरती आणि मराठी या दोन गोष्टी नाहीतच.

सायकलवाली

सुरसागरकाठ ताई, आत्ता वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले आहे. मी वाडीतली, बडोद्याचीच. लग्नानंतर ११ वर्षं हॉलंडच्या उत्तरेला, ग्रोनिंगनमध्ये राहते.

तुम्ही लिहिलंत की नातवंडं त्यांना 'पाके' म्हणतात. ते लाडाचं नाव नाही. पाके म्हणजे आजोबा. पण डचमध्ये नाही! डचमध्ये आजोबा 'ओपा' आणि आजी 'ओमा'. 'पाके' आणि 'बेप्पे' म्हणतात ते फ्रीसलंडमध्ये, आमच्या शेजारच्या प्रांतात. त्यांची भाषा फ्रिजियन. ती डचची बोली नाही, स्वतंत्र भाषा आहे, आणि जुन्या काळी तिचं सगळ्यात जवळचं नातं इंग्रजीशी होतं. नुसती डच येणाऱ्याला भरभर बोललेली फ्रिजियन निम्मीच कळते. त्या बाई खोटं बोलल्या नाहीत, त्यांना खरंच निम्मं कळलं. उरलेलं निम्मं विस्कटलेलं नव्हतं.

आता वाक्य. मी शेजारच्या आजींना वाचून दाखवलं. त्या लेउवार्डनजवळच्या गावातल्या, ८८ वर्षांच्या. मी पुरतं म्हणायच्या आतच त्यांनी ते दुरुस्त करून म्हटलं. 'बेन' हे कुणाचं नाव नाही. लिहिताना त्यात 'र' असतो, बोलताना तो गळतो, म्हणून कानाला बेन येतं. अर्थ मुलं, लेकरं. डचमध्ये मुलांना 'किंडरन' म्हणतात, त्यामुळे सीडीवरून शिकलेल्या माणसाला हा शब्द कळायचा संबंधच नाही. 'तूस' म्हणजे घरी. 'च्युस्टर' म्हणजे अंधार.

मुलांनो, घरी या, अंधार पडतोय.

एवढंच आहे.

मास्तरांसाठी एक भर. १९५१ सालच्या १६ नोव्हेंबरला लेउवार्डनच्या कोर्टासमोर पोलिसांनी फ्रिजियन लोकांवर लाठ्या चालवल्या होत्या. कोर्टात फ्रिजियन बोलू देत नाहीत यावर एका पत्रकाराने कडक लिहिलं, त्याच्यावर खटला झाला, त्यावरून लोक जमले होते. त्या दिवसाला तिकडे अजून लाठीचा शुक्रवार म्हणतात. १९५६ मध्ये कायदा बदलला आणि कोर्टात फ्रिजियन चालू लागली. तुमच्या पाकेंचे आईवडील निघाले ते या दोन सालांच्या मधे. शाळा डचमध्ये, चर्चमधली प्रार्थना डचमध्ये, घरात फ्रिजियन. म्हणजे कॅनडाला पोचायच्या आधीच त्या बाईला सवय होती, आपली भाषा घराच्या आत ठेवायची.

सुरसागरकाठ

सायकलवाली, तुमचं उत्तर मी पहाटे पाच वाजता वाचलं आणि तिथली संध्याकाळ गाठून लेकीला फोन लावला. ती फोन घेऊन खाली पाकेंकडे गेली.

मी आधी विचारलं, तुमचे आईवडील हॉलंडमधल्या कुठल्या भागातले? फ्रीसलंड, ते म्हणाले, पण इथे कुणाला फ्रीसलंड माहीत नसतं म्हणून आम्ही डचच सांगतो. आई गावाकडची डच बोलायची असं वडील सांगायचे. ती वेगळी भाषा आहे हे मी सांगितलं तेव्हा म्हणाले, ऐकून होतो, पण एवढी वेगळी?

मग वाक्य सांगितलं. एकेक शब्द, तुम्ही लिहिलात तसा. 'बेन' म्हणजे मुलं, हे सांगितल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. लेक मागून खुणेने मला म्हणाली, थांब. ते उठले, स्वयंपाकघरात जाऊन नळाचं पाणी प्यायले आणि परत येऊन बसले. म्हणाले, त्या खुराड्याच्या मागे रेल्वेचा रूळ होता. आम्ही तिथे खडे गोळा करायला जायचो. ती दारात उभी राहून हाक मारायची. काय म्हणायची ते आठवत नाही, पण दारात उभी राहायची, ओल्या हातांनी.

थोड्या वेळाने म्हणाले, म्हणजे बेन आम्हीच.

धाकट्या बहिणीला त्यांनी तिथूनच फोन लावला. ती अल्बर्टात असते. तिला सांगताना ते पहिलं वाक्य इंग्रजीत बोलले आणि अडखळले, म्हणून लेकीने फोन घेऊन सांगितलं. बहिणीने लगेच विचारलं, मग आश्रमाच्या कागदावर ते विस्कळीत कशाला लिहिलं होतं? याला काय उत्तर द्यायचं ते लेकीला सुचलं नाही. मलाही नाही.

इंदूरकर, तुमच्या पाच शब्दांच्या कार्डाबद्दल पाकेंना सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं आहे. त्यांची बायको गेल्या वर्षापासून नावं विसरते. तिच्या घरात मात्र सगळे ओपा-ओमाच म्हणायचे, म्हणजे तिचं कार्ड डचमध्ये लागेल.

लष्करवाली, मी त्या वडिलांवर रागावले होते, हे खरं. तुमचं वाचून राग गेला. आणि नातीचं तुम्ही कुणी विचारलं नाही, तरी सांगते. आज फोनवर ती बाटलीकडे बोट दाखवून 'पापा' म्हणाली. लेक म्हणाली, पाणी मागतेय.

सायकलवाली, एक विनंती. ते वाक्य तुमच्या आजींच्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवाल का? पाके म्हणाले, कागदावरचं पुरत नाही, कानाने ऐकायचंय.

सायकलवाली

पाठवते. आजींना विचारलं तर म्हणाल्या, असं सोफ्यावर बसून नाही येत, ते हाक मारायचं वाक्य आहे. संध्याकाळी मागच्या दारात उभ्या राहून म्हणतील. आज इथे पाऊस आहे, उद्या करते.